हाच तो खांब

मित्रांनो, लाथ मारून झाली असेल तर दोन मिनिटे थांबा. पाय दुखत असेलच. मी लोखंडाचा आहे, आणि ही गोष्ट लाथ मारण्याआधी कोणीच विचारात घेत नाही.

मी एक जुना खांब आहे. कुस्तीचे खेळ होतात त्या हॉलच्या दाराबाहेर, तिकिटाच्या खिडकीशेजारी मला उभे केले आहे. गळ्यात पाटी आहे, ‘हाच तो खांब’. आत जाणारा प्रत्येक जण पाटी वाचतो, ‘मेल्या’ म्हणतो आणि लाथ घालतो. लहान मुलांचा पाय पाटीपर्यंत पोचत नाही, म्हणून त्यांचे आईवडील त्यांना उचलून धरतात. माझ्यावर आरोप असा आहे की, मी हललो. मी आयुष्यात कधी हललेलो नाही. खांबाला न हलण्याशिवाय दुसरे काही येतच नाही. तेवढी एकच कला आमच्याकडे, आणि त्यातच मला नापास केले.

माझा जन्म पाइपांच्या कारखान्यातला. माझ्याबरोबरचे काही पाण्याच्या लाइनीत गेले, काही रस्त्यावरचे दिवे झाले. एक जण दवाखान्याच्या जिन्याचा कठडा झाला. लोक त्याचा हात धरून वर चढतात. मला मात्र कापले, लाल रंग दिला आणि रिंगच्या कोपऱ्यात रोवले. रिंग म्हणजे चार खांब, तीन दोर आणि फळ्यांवर अंथरलेली एक मॅट. ती इतकी पातळ की घरातले पायपुसणेसुद्धा तिच्याकडे दयेने बघेल.

या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक आहे हे तुम्ही एकमेकांना इतक्या वेळा सांगता की, न कळून चालतच नाही. ठीक आहे. पण जिंकणार कोण हे जमिनीला कोणी सांगितलेले नसते. ती सगळ्यांना सारखीच लागते.

माझ्यावर चढून उडी मारायचा तो टोळ. पोस्टरवर त्याचे नाव ‘आकाशसम्राट’ होते, पण घरात आणि हॉलमध्ये त्याला टोळच म्हणत. अंगाने काडी, गुडघ्यांत स्प्रिंगा. तो माझ्या डोक्यावर पाय ठेवून उभा राहिला की अख्खा हॉल श्वास रोखायचा. मग तो हवेत तीन गिरक्या घेऊन खालच्या राक्षसाच्या छातीवर पडायचा.

राक्षस म्हणजे पोत्या. अंगापिंडाने भरलेल्या पोत्यासारखा, तोंडावर काळा मुखवटा. तो टोळाचा मेहुणा. टोळाची बायको ही पोत्याची धाकटी बहीण. हॉलमधले सगळे तिला वहिनी म्हणत. दोघांचे कपडे तीच शिवायची, नवऱ्याचे चमचमते आणि भावाचे भयंकर.

लोक टोळाला बघायला यायचे. पण मित्रांनो, उडी मारायला काय लागते? सोडून द्यायचे. पुढचे सगळे काम खाली पडलेल्या माणसाचे असते. पोत्याने मार खाऊन बेशुद्ध पडल्यासारखे दिसायचे आणि तरी बरोबर जागेवर असायचे. मेल्यासारखे पडायचे आणि मेहुण्याची मान, पाठ, डोके सगळे हातांवर, पोटावर अलगद उतरवून घ्यायचे. वर लोकांना वाटले पाहिजे की टोळाने त्याला चिरडले.

पोत्या सरावाच्या वेळी कुरकुरायचा. “जावईबापू, एका गिरकीतही मी मेलोच असतो. उरलेल्या दोन कोणासाठी?”

“लोकांसाठी, दादा.”

“लोकांना सांग स्वतः झेलायला.”

बाजूला मुखवट्याला टाके घालत बसलेली वहिनी मान वर न करता म्हणायची, “तू झेल रे. हे वरून उडी मारतात म्हणून मला धडकी भरते, आणि खाली तू आहेस म्हणून मला झोप लागते. जसे दिलेत तसे परत आण.”

“भांडं आहे का तो?”

“भांड्याला पोचा आला तर चालतो.”

अशी ती वर्षे गेली. माझी वाहवा कोणी केली नाही, पण टोळ उतरल्यावर माझ्या अंगावर एक थाप मारायचा. मला तेवढे पुरे होते. आता सगळे बिघडवले ते एका काकांनी.

हे काका दर रविवारी पहिल्या रांगेत बसायचे. कोण जाणे का यायचे, कारण त्यांना खेळ आवडतच नसे. पोत्या पडल्या पडल्या टोळाकडे बघायचा, कारण बघितल्याशिवाय झेलणार कसा? आणि काका भर हॉलमध्ये ओरडायचे, “अहो राक्षस, वर काय बघताय? पाऊस येतोय का?”

हॉल हसायचा. एकदा हसला, दोनदा हसला. मग लोक त्या हसण्यासाठीच येऊ लागले. मालक मात्र काळाठिक्कर पडला. आमचा मालक कोणाला घाबरत नसे, वीज कंपनीला नाही, बायकोला नाही. त्या काकांना घाबरायचा. काका खोकले तरी तो पडद्यामागून डोकावायचा.

शेवटी त्याने पोत्याला बोलावले. “उद्यापासून वर बघायचं नाही. तोंड त्या बाजूला, डोळे बंद.”

“मग तो कधी येतोय हे मला कसं कळणार?”

“बेशुद्ध माणसाला कळतं का?”

“मालक, मी बेशुद्ध नसतो.”

“हाच तर प्रॉब्लेम आहे. लोकांना ते कळतंय.”

काकांना पटावे म्हणून एका माणसाने आंधळे व्हायचे, असा हा निर्णय झाला. मला तेव्हाही राग आला होता, पण खांबाचा राग बाहेरून दिसत नाही.

मग दोघांनी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये तोड काढली. मी आतून पोकळ आहे. टोळाने वर चढून टाच माझ्यावर आपटली की, ‘टण्ण’ असा आवाज व्हायचा आणि तो फळ्यांतून थेट पोत्याच्या कानात जायचा. टण्ण झाले की पोत्या वेदनेने तळमळत कूस बदलायचा, हात फाकायचे, आणि त्या हातांत मेहुणा यायचा. लोकांना वाटायचे, टोळ टाच आपटून शत्रूला हिणवतोय. काकासुद्धा गप्प झाले. मित्रांनो, त्या दिवसांत मी नुसता खांब नव्हतो. मी दोन माणसांमधला निरोप होतो. दवाखान्यातल्या त्या कठड्याला मी मनातल्या मनात सांगितले की, बाबा, आपणही काही कमी नाही.

आणि मग गाद्या आल्या.

मालकाने एका गादीवाल्याची जाहिरात घेतली. एका रविवारी खेळाच्या तोंडावर चार माणसे आली आणि त्यांनी आम्हा चारी खांबांना फोमच्या जाडजूड गाद्या गुंडाळल्या. वर लिहिलेले, ‘गाढ झोपेची हमी’. टोळ तेव्हा चमचमते कपडे घालून तयार होता. त्याने माझ्यावर टाच मारून पाहिली. ‘धप’. उशीवर मांजर बसावे तसा आवाज.

पोत्या धावत मालकाकडे गेला. “एवढ्या खांबावरची काढा. आवाज जात नाही.”

“आवाज कशाला हवाय? कुस्ती आहे, बँड नाही.”

“मग मी वर बघणार.”

“वर बघितलंस तर उद्या दोघंही घरी बघत बसा. गादीवाला पहिल्या रांगेत बसलाय, काकांच्या शेजारी. खेळ झाला की काढू.”

खेळ झाला की काढू. हे वाक्य मला अजून ऐकू येते. आग लागल्यावर पाणी तापायला ठेवणारी माणसे अशीच बोलत असतील.

पोत्या परत आला. टोळ म्हणाला, “दादा, मी जोरात मारीन.”

“उडी नको मारूस. आज नुसतं लाथा-बुक्क्यांवर भागवू.”

“मालक काय म्हणाला ते ऐकलंस ना? उद्या कोणी बोलावणार नाही आपल्याला. जोरात मारतो. ऐक तू फक्त.”

मित्रांनो, त्याने खरोखर जोरात मारली. इतक्या वर्षांत मला तितक्या जोराची टाच लागली नव्हती. मी आतल्या आत सगळा वाजलो. पण फोमने तो आवाज गिळला, आणि जो थोडा उरला तो लोकांच्या शिट्ट्यांनी गिळला. खाली पोत्या डोळे मिटून, तोंड फिरवून, टण्णची वाट बघत पडला होता. टोळाने क्षणभर थांबून खाली बघितले. पोत्या नेहमी अगदी शेवटी हलायचा, म्हणून टोळाला वाटले, ऐकले असेल.

पहिल्या गिरकीला लोक ओरडले. ते ओरडणे ऐकून पोत्याने डोळे उघडले. एक हात पोचला. दुसरा नाही. टोळ स्वतःची मान आणि खांदा यांच्या मधल्या जागेवर पडला, आणि फळ्यांतून जो आवाज माझ्यापर्यंत आला, तो मी तुम्हाला सांगणार नाही.

मग काय झाले ते सांगतो. टाळ्या झाल्या.

टोळ हलत नव्हता, त्याला टाळ्या. पोत्या त्याच्यावर वाकून, “थांबवा, कोणीतरी या,” असे ओरडत होता, त्याला टाळ्या. त्याने मुखवटा ओढून काढला, आत टक्कल पडू लागलेला, घामाने भिजलेला एक साधा भाऊ होता. राक्षस रडतोय हे बघून लोक बाकांवर उभे राहिले. वहिनी पडद्यामागून चप्पल न घालता धावत आली, तर लोकांना वाटले हीसुद्धा खेळातलीच. तिला तर शिट्ट्या मिळाल्या. स्ट्रेचर आले, त्यालाही टाळ्या. स्ट्रेचरला टाळ्या मिळाल्याचे मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

आणि काका शेजारच्या गादीवाल्याकडे वळून म्हणाले, “आज मात्र पटलं बुवा.”

दुसऱ्या दिवशी हळूहळू सगळ्यांना कळले. लोकांना वाईट वाटले. वाईट वाटलेल्या लोकांना राग काढायला काहीतरी लागते, हे मालकाला बरोबर ठाऊक होते. फोमला दोष द्यावा तर गादीवाला रुसणार. स्वतःला द्यावा, हे तर त्याच्या डोक्यातच येणे शक्य नव्हते. म्हणून पुढच्या रविवारी त्याने माइकवर दाटलेल्या आवाजात जाहीर केले, “खांब हलला.” मला कापून काढले, दारात रोवले आणि पाटी अडकवली. माझ्या जागी नवा खांब आला. लाथा मारायला मिळतात म्हणून गर्दी वाढली.

टोळ वाचला. कित्येक महिने तो गळ्यात पट्टा घालून छताकडे बघत पडून होता. आता चालतो, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वहिनी त्याचे केस विंचरते. तो इथेच, माझ्याशेजारच्या खिडकीत तिकिटे देतो. लोक त्याच्याकडून तिकीट घेतात, त्याला ओळखत नाहीत, आणि मग मला लाथ मारतात. एकदा त्याने एका माणसाला विचारले, “का मारता?”

“अहो, याच्यामुळे एका बिचाऱ्याची वाट लागली.”

“हो का?” टोळ म्हणाला, आणि सुटे पैसे परत दिले.

मागच्या महिन्यात मालकाने उडी मारायला एक नवी पोर आणली. चपळ, हसरी, मान अजून शाबूत असलेली. मालक पोत्याला घेऊन इथे दाराशी आला. वहिनी कपड्यांची पिशवी घेऊन नवऱ्याच्या खिडकीला टेकून उभी होती.

मालक म्हणाला, “तो अपघात लोक अजून विसरलेले नाहीत. हिची उडीही तशीच खरी वाटायला हवी. वर बघायचं नाही, आधीसारखंच.”

“बघणार,” पोत्या म्हणाला.

“काय?”

“डोळे उघडे ठेवून बघणार. ती चढायला लागली की बघणार, उतरून उभी राहीपर्यंत बघणार.”

“लोक हसतील.”

“हसू देत.”

“मग तुला घाबरणार कोण? राक्षस आहेस तू.”

“राक्षसांनाही डोळे असतात.”

मालक वहिनीकडे वळला. “वहिनी, तुम्ही तरी सांगा तुमच्या भावाला.”

वहिनीने पिशवीतून नवा काळा मुखवटा काढला आणि मालकाच्या तोंडासमोर धरला. “मी काय सांगणार? मी शिवणारी. या वेळी डोळ्यांची भोकं मोठी केलीत, बघा. पार गालापर्यंत. भयानक दिसत नाही, मला माहितीय. घुबड दिसतो. घुबडाकडून खेळ करून घ्यायचा नसेल तर दुसरा कोणी शोधा, जो डोळे मिटून दुसऱ्याची पोरगी झेलेल.”

मालकाने टोळाकडे बघितले. टोळाने खिडकीतून डावा हात बाहेर काढून मुखवटा घेतला, नीट बघितला, आणि पोत्याच्या हातात दिला. कोणीच मालकाच्या उत्तराची वाट बघितली नाही. त्यानेही दुसरा कोणी शोधला नाही, कारण दुसरा कोणी नव्हता. झेलणारे कमी असतात, मित्रांनो. उडी मारणारे हवे तेवढे मिळतात.

मला आता आतले काही दिसत नाही. रविवारी संध्याकाळी मी फक्त ऐकतो. आधी शिट्ट्या येतात. मग पोर चढली की सगळे शांत होते, आणि खिडकीतला टोळ तिकिटे देणे थांबवतो. रांगेतली माणसे चिडतात, तो देत नाही. मग आतून हशा येतो, मोठा, खदखदून. म्हणजे राक्षस पाठीवर पडून घुबडासारखा वर बघतोय. हशा आला की टोळ पुढचे तिकीट फाडतो.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. मला लाथ मारायची तर मारा, माझे काही जात नाही. पण आत जाऊन बसलात, आणि खाली पडलेला माणूस वरच्या माणसाकडे टक लावून बघताना दिसला, तर खोटे आहे म्हणून ओरडू नका. तुम्हाला काही पटवून देण्यासाठी कोणी आपली मान मोडायची नसते. हसू आले तर हसा. जरा मोठ्याने हसा. बाहेर खिडकीपर्यंत ऐकू यायला पाहिजे.