तेल पिणारी फळी

"आता जे सांगतो त्याच्यावर कुनाचा इस्वास बसनार न्हाय," शिवदास तांडेल म्हणाला आणि त्याने दत्तात्रेय मास्तरांसाठी ओट्यावर गोणपाट अंथरलं. "बसला तर समजा, मी नीट सांगितलं न्हाय."

मग त्याने सांगितलं. त्याचा पणजोबा आंग्र्यांच्या आरमारात होता, गुराबीवर. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांचं, नाकाड पुढे काढून चालणारं लढाऊ जहाज. एकदा इंग्रजांची तीन जहाजं पाठीस लागली आणि नेमका वारा पडला. पणजोबाने थळच्या वाडीतले चाळीस माड मुळासकट उपटून गुराबीवर उभे केले, खाली वाळू पसरली आणि वर दोन कोंबड्या सोडल्या. इंग्रज कप्तानाने दुर्बीण लावली, नकाशावर नवीन बेट काढलं आणि निघून गेला.

"ती लोकं अजून ते बेट धुंडतात," शिवदास म्हणाला. "गावंल कसं? पनजोबानं माड परत लावले. हा समोरचा वाकडा दिसतो ना, तो त्यातलाच. घाईत लावला."

शेजारचा भागोजी भिंतीला टेकून जाळं शिवत होता. त्याने मान वर केली नाही. "गेल्या खेपेला तीस माड होते."

"दहा ल्हान होते. तवा मोजले न्हाईत."

मास्तर हसले. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम तीन आठवडे लोटले होते आणि नारळी पुनवेला शाळेत गुराबीची लाकडी प्रतिकृती मांडायची असं त्यांनी ठरवलं होतं. चित्र कुठे मिळालं नाही. पण शिवदास तांडेलाला गुराबीचा खिळा न् खिळा ठाऊक आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. हे गावभर सांगत फिरणारा माणूस शिवदासच होता.

"पुनवेपर्यंत होईल?" मास्तरांनी विचारलं.

"अडीच महिने हायत. पनजोबानं आख्खी गुराब दोन महिन्यांत बांधलेली."

आत चुलीपाशी त्याची सून केसर भाकरी थापत होती. पुनव हा शब्द आला तसा थापण्याचा आवाज बंद झाला. शिवदासच्या कानाने तो टिपला, आणि मास्तर उठून गेले तरी तो आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत तो जागचा हलला नाही.

चार वर्षांपूर्वीच्या पुनवेची गोष्ट. केसरचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. दर्याला नारळ द्यायचा मान त्या वर्षी घरातली नवी सून म्हणून तिचा होता. किनाऱ्यावर सगळं गाव उभं होतं, ताशा वाजत होता, आणि ओल्या वाळूत पाय सरकून तिच्या हातून नारळ पडला. तिने तो उचलला, पदराला पुसला आणि पाण्यात सोडला. तिचा नवरा अनंता हसून म्हणाला, "दर्याला वाळू लावून आवडतो."

आठव्या दिवशी अनंता एकटाच छोटी होडी घेऊन खांदेरी बेटाच्या अंगाला जाळी टाकायला गेला. तो परत आला नाही. उंदेरीच्या खडकात एक वल्हं मिळालं, तेवढंच.

होडी बुडाली कशी हे कुणालाच कळेना. दर्या तर ताटातल्या पाण्यासारखा निजलेला होता. तिसऱ्या दिवशी शोधून दमलेली माणसं याच ओट्यावर बसली होती. भागोजीने सहज विचारलं, "फळी तर न्हाय ना सुटली?"

अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा शिवदासला शब्द सुचेना. मग सुचला.

"फळी सागाची हाय," तो म्हणाला. "पन पुनवेला नारळ पडला ना, केसरच्या हातून."

फळी सागाची नव्हती. पुनवेच्या चार दिवस आधी होडीची डावीकडची, खालून तिसरी फळी कुजकी निघाली होती. अनंता तेव्हा केसरला आणायला तिच्या माहेरी मुरुडला गेला होता. अलिबागच्या वखारीत साग पंधरा दिवसांनी यायचा होता. आणि शिवदास तर साऱ्या किनाऱ्यावर सांगून बसला होता की पुनवेला नारळ दर्यात पडला रे पडला की पहिली होडी तांडेलाची सुटणार. त्याच्या हाताला सुतारकी चांगली होती. त्याने मोडलेल्या माळ्याची आंब्याची फळी तासली, बसवली, वरून काव चोळून सागासारखी तांबूस केली. आंबा खाऱ्या पाण्यात टिकत नाही हे त्याला काय सांगायला हवं होतं? पण साग आला की बदलू, असं तो स्वतःशी म्हणाला. मुलाला म्हणाला, "मलबारी साग हाय. तुझ्या नातवापर्यंत बघनं न्हाय."

आल्यावर अनंताने होडीला मुशी माशाचं तेल लावलं. केसर तेलाचं भांडं धरून उभी होती. बाकीच्या फळ्यांवर तेल चकाकत राही, त्या एका फळीवर लावलं की लगेच नाहीसं होई. "केसर," अनंता म्हणाला, "ही फळी माझ्यापरीस जास्त पिते." दोघं हसली. तीन हातांवर शिवदास दोर वळत बसला होता. त्याने ऐकलं आणि दोर वळत राहिला.

नारळाचं एवढं एकच वाक्य बोलून तो थांबला असता तरी एक वेळ गाव विसरलं असतं. पण गोष्ट निम्म्यावर सोडणं त्याला कधी जमलं नव्हतं. कुणी विचारलं की तो सांगे, आणि सांगताना तिच्यात भर पडे. दिवाळीपर्यंत तो नारळ लाटेने तीनदा परत आणून टाकला होता. शिमग्यापर्यंत नारळाला डोळे फुटले होते आणि तो केसरकडे बघून रडला होता. लोक श्वास रोखून ऐकत. गोष्ट चांगलीच होती.

त्या गोष्टीने केसरचं जगणं खाल्लं. सकाळी ती समोर दिसली तर माणसं होडीत ठेवलेला पाय परत घेत. मासळी वाटताना बाया तिच्या टोपलीशेजारी टोपली ठेवत नसत. सगळ्या होड्या गेल्यावर ती केवड्याच्या बनामागून किनाऱ्यावर जाई, आणि दर वर्षी नारळी पुनवेला दाराला आतून कडी लावून बसे. तिने कधी उलट शब्द काढला नाही. नारळ पडला होता हे तर खरंच होतं.

आता ती जाणार होती. पुनव झाली की दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ रतन तिला मुरुडला न्यायला येणार होता. तिची पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती.

"तिथं काय करशील?" शिवदासने एकदा विचारलं.

"मासळी विकीन. तिथं मना सकाळी बाहेर पडता येईल, मामा."

एक वाक्य बोललं तर ती राहील, निदान मान वर करून जाईल, हे शिवदासला ठाऊक होतं. ते वाक्य त्याने मनात पुष्कळदा जुळवून पाहिलं होतं. घरात बोलून उपयोग नव्हता, गावासमोरच बोलायला हवं होतं. गुराब मांडायच्या दिवशी सगळं गाव जमणार. तेव्हाच बोलायचं, असं त्याने ठरवलं आणि तो कामाला लागला.

होड्या वर ओढून शाकारलेल्या, दर्या खवळलेला, त्यामुळे दिवसभर हाताला दुसरं काम नव्हतं. त्याने दोन हात लांबीचा सागाचा कणा तासला. बाभळीच्या वाकड्या फांद्या चिरून बरगड्या केल्या, प्रत्येक बरगडी करंगळीएवढी. मास्तरांच्या मोडक्या छत्रीच्या नळीचे तुकडे पाडले, त्यांच्या तोफा झाल्या. शिडं केसरने शिवली, मांजरपाटाची, आणि टाके इतके बारीक घातले की शिवदास डोळ्याजवळ नेऊन बघत राहिला.

दुपारी दोघं समोरासमोर बसत. त्याचा रंधा चाले, तिची सुई चाले. चार वर्षांत एवढं ती कधी त्याच्याजवळ बसली नव्हती.

"मामा, पनजोबा खरंच व्हते का गुराबीवर?"

शिवदासने रंधा थांबवला. इकडेतिकडे पाहिलं. "किनाऱ्यावरनं लांबून पाह्यली असंल त्यांनी."

ती हसली. नारळाची गोष्ट गावभर झाल्यापासून ती या घरात हसली नव्हती. शिवदासला वाटलं, बघ, एवढं सोपं असतं खरं बोलणं. पुढचंही आत्ताच बोलून टाकावं. तोंड उघडलंही त्याने. पण मग तो म्हणाला, "दोरा जरा जाड घे, शिडाला वारा लागनार हाय."

फळ्या बसवायला घेतल्या. सगळ्या सागाच्या, पातळ तासून मोजून ठेवलेल्या. उजवी बाजू चार दिवसांत झाली. डावीकडे खालून दोन बसल्या आणि तिसरी बसेना. एक फळी तोकडी निघाली. दुसरी चिरली. तिसरीला त्याने उगाच जास्त तासलं. ज्या हातांनी पन्नास वर्षं लाकूड ओळखलं, त्यांना दोन वितींची फळी बसवता येईना. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि कौलांखाली वाशांत खोचून ठेवलेला एक तुकडा त्याने ओढून काढला. त्याच आंब्याच्या फळीचा उरलेला तुकडा होता तो. त्यावर तेव्हा चोळून पाहिलेली काव अजून गेली नव्हती. चार वर्षांत त्याने तो जाळलाही नव्हता आणि फेकलाही नव्हता.

तासला आणि पहिल्या खेपेला बसला. शिवदासने पुन्हा काव चोळली. बघणाऱ्याला फरक कळला नसता.

पुनवेच्या आदल्या दिवशी तेल लावायचं राहिलं होतं. तो डोलकाठ्यांच्या दोरात गुंतला होता म्हणून केसर म्हणाली, "द्या, मी लावते." मुशीच्या तेलाची वाटी घेऊन ती बसली. चिंधीने एकेक फळी पुसत गेली. साग सोनेरी झाला, चकाकला. डावीकडे आली आणि तिचा हात थांबला. तिने पुन्हा चिंधी बुडवली, त्याच जागी फिरवली. पुन्हा बुडवली. बाकी गुराब लखलखत होती आणि ती एक फळी गडद, काळपट होत चालली होती. कितीही तेल दिलं तरी कोरडीच.

"मामा, ही फळी तेल पिते."

शिवदास डोलकाठीला दोर बांधत होता. "पिऊ दे," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो दोराच्या गाठीकडे पाहत होता. मग तिने वाटीतलं उरलेलं सगळं तेल त्या एका फळीला लावलं आणि हात धुवायला उठली.

तिला काही आठवलं नसेल, असं शिवदासने स्वतःला सांगितलं. चार वर्षं झाली. तीन महिन्यांचा संसार, त्यातलं काय काय आठवणार माणसाला?

पुनवेला शाळेच्या पडवीत बाकावर गुराब मांडली. झेंडूची माळ घातली, पुढे ताटात नारळ ठेवला. गाव लोटलं. म्हाताऱ्या बायांनी गुराबीला हात लावून कपाळाला लावला. मास्तरांनी चार शब्द बोलून शिवदासला श्रीफळ दिलं. शिवदासने समोर पाहिलं तर विहिरीपाशी केसर उभी. आतून कडी लावून न बसता ती आली होती. तिच्या आजूबाजूच्या बाया थोड्या थोड्या सरकल्या आणि तिच्याभोवती मोकळी जागा झाली.

"तांडेल," भागोजीने वाकून गुराब निरखत विचारलं, "डावीकडली ही एकच फळी काळी कशी?"

शिवदासने गुराबीवर हात ठेवला. वाक्य जिभेवर होतं, अडीच महिने रोज तासलेलं, कुठे टोक न राहिलेलं. त्याने केसरकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. त्याने घसा खाकरला. साठ-सत्तर तोंडं त्याच्याकडे वळलेली होती, अर्धी आधीच हसायच्या बेतात.

"आता जे सांगतो," शिवदास म्हणाला, आणि आपण काय बोलतोय हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं, "त्याच्यावर कुनाचा इस्वास बसनार न्हाय."

लोक खूश झाले. पोरं पुढे सरकली.

"इंग्रजाचा गोळा बसला तो नेमका डावीकडं, खालनं तिसऱ्या फळीवर. पानी घुसलं. सगळे म्हनले, संपलं. पनजोबानं काय केलं, त्या भोकात पाठ लावून बसला. तीन दिस, तीन राती. मासे येऊन पाठीला गुदगुल्या करून जायचे. खांदेरीला लागल्यावर मग फळी घातली, मलबारी साग, असा की नातवापर्यंत बघनं न्हाय. पन पनजोबाचा घाम मुरलेला ना त्या जाग्यात, म्हनून तिथं काळं पडतं."

हशा उसळला. भागोजीने मांडीवर थाप मारली. "पाठ सुकली किती दिसांनी?"

"अजून वली हाय," शिवदास म्हणाला आणि हसायचा प्रयत्न करू लागला.

केसर विहिरीपासून निघाली. माणसं बाजूला होत गेली तशी तिला वाट मिळत गेली. ती पडवीत चढली आणि तिने त्या फळीवर बोट फिरवलं. बोट कोरडंच निघालं. ते तिने सासऱ्यासमोर धरलं.

"मामा, हे खोटं हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मागच्यांनाही ऐकू गेलं. "ही फळी गुराबीची न्हाय. ही आपल्या होडीची हाय. मी तेलाचं भांडं धरून व्हते, ते म्हनले ही माझ्यापरीस जास्त पिते. नारळ माझ्या हातनं पडला, ते खरं. पन ह्यो साग न्हाय, मामा. ह्यो आंबा हाय."