चौथ्या टेबलावरची वाफ

मी चौथ्या टेबलावरची वाफेची इस्त्री बोलतेय. गोड बोलणं मला जमत नाही, डोकं सदा तापलेलं असतं. पण आज मला आभार मानायचेत, तेव्हा ऐकून घ्या.

कारखान्यातून निघाले ती थेट एका शिंप्याकडे. त्याने मला पाडलं आणि वर शिव्याही मलाच घातल्या. माझी मूठ तडकली, तसं त्याने मला या मोठ्या लॉन्ड्रीला विकून टाकलं. इथे हॉटेलांच्या चादरी येतात, ढीगच्या ढीग. टेबलं ओळीने लावलेली, प्रत्येकावर एक इस्त्री आणि तिच्यामागे रोजंदारीचं एक माणूस.

माझ्यामागे आली ती एक उंच बाई. सगळे तिला शिडी म्हणत. पहिल्याच दिवशी तिने माझ्या मुठीला चिंधी गुंडाळली. माझी एवढी काळजी तोवर कुणी केली नव्हती.

मुकादम काचेच्या खोलीत बसतो. तोंडं तो बघत नाही. टेबलावर वाफ दिसली की माणूस हजर. वाफ नसली, तर दाराबाहेर ताटकळणाऱ्यांपैकी एकाला आत घ्यायचं. टेबल मग त्याचं, कायमचं. "आजार तुझा, टेबल माझं," असं म्हणतो आणि वर हसतो!

शिडीला कावीळ झाली. डोळे पिवळे, तरी येतच होती.

"अगं, घरी जा की!" शेजारच्या टेबलावरची ठेंगणी म्हणाली.

"सासूबाई म्हणतात, झोपलीस तर टेबल जाईल. त्या म्हणे बाळंतपणातसुद्धा कामावर जायच्या."

"मग उद्या त्यांनाच पाठव इस्त्री करायला!"

पलीकडचे काका खाकरले. "आम्हीही ताप अंगावर काढायचो. तुम्ही सगळ्या नाजूक."

मोठ्या माणसांची ही खोड मला कळत नाही. आपल्याला सोसायला लावलं तेच चूक होतं, एवढं म्हणायला यांची जीभ का रेटत नाही?

ठेंगणीने शिडीला घरी धाडलं आणि मला चालू ठेवलं. स्वतःच्या चादरीवर दोन हात मारायचे की धावत माझ्याकडे. तिची दमछाक बघून ओळीतल्या बाकीच्याही आळीपाळीने येऊ लागल्या. काका तेवढे हलले नाहीत. "नियम म्हणजे नियम."

एके दुपारी ठेंगणी घाईत मला उशीच्या अभ्र्यावर तशीच पालथी ठेवून गेली. मी काय करणार, मला का पाय आहेत? अभ्रा करपला. वास थेट काचेच्या खोलीत गेला आणि मुकादम बाहेर आला.

"इथली बाई कुठंय?"

"आजारी आहे. बरी झाली की येईल," ठेंगणी म्हणाली.

"म्हणजे टेबल रिकामं. बोलवा बाहेरच्या कुणाला."

ठेंगणीने आपली इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. मग तिच्या पलीकडचीने. मग सगळ्या ओळीने. वाफ विरली आणि मुकादमाला बहुतेक पहिल्यांदाच समोरची तोंडं दिसली. बाहेर हॉटेलची गाडी हॉर्न वाजवत होती.

काकांची इस्त्री मात्र चालूच.

"शिका जरा काकांकडून!" मुकादम ओरडला.

काका थांबले. त्यांनीही बटण बंद केलं. "पाठ भरून आलीय माझी," ते पुटपुटले. त्या खोट्या पाठदुखीचेसुद्धा मी आभार मानते.

"बरं बाई, बरी होईपर्यंत टेबल तिचंच," मुकादम गुरगुरला. "पण तिचा माल तुम्ही काढायचा."

"मग आत्तापर्यंत कोण काढत होतं?" ठेंगणीने विचारलं.

शिडी परतली ती हडकून, पण डोळे स्वच्छ. आभार मानायला गेली, तर ठेंगणीने तिला उडवूनच लावलं. "राहू दे. उद्या मी पडले तर तुझे लांब हात आहेतच की."

एक मागणं आहे. शेजारीण खमकी निघाली म्हणून हे टेबल वाचलं. सगळ्यांना अशी ठेंगणी कुठून मिळणार? नियम तुमच्या हातात आहेत ना, मोठ्यांनो? मग आजाऱ्याचं टेबल राखायचं, हाच नियम करा.

काल शिडी मुकादमाला म्हणाली, "उद्या रक्त तपासायला जायचंय, येणार नाही." विचारलं नाही, सांगितलं. म्हणून आज भर सकाळी मी गार पडून आहे, आणि मला तापवायला कुणालाही धावावं लागलेलं नाही.