कानांसकट अर्ज

अर्जाची शेवटची तारीख आजचीच, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत, आणि माझं डॉक्टर होणं अडलं होतं कानांपाशी. गुणांपाशी नाही हं! गुण भरपूर आहेत. कुणी विचारलं नाही तरी मी सांगतेच.

मेडिकलच्या प्रवेशाचा तो अर्ज मी आठवडाभर भरत होते. बारा पानं. त्यात माझं नाव पाच वेळा, बाबांचं तीन वेळा. आणि आज सकाळी उत्तर काय, तर ‘फोटोत दोन्ही कान दिसत नाहीत. नवीन फोटो न दिल्यास अर्ज बाद.’

दिसतील कसे? सहावीपासून मी ते केसांखाली दडवलेत. वर्गात मला ‘रडार’ म्हणतात.

“डॉक्टरचे कान कशाला बघायचेत यांना?” मी आईवर खेकसले.

“स्टेथोस्कोप कुठे अडकवणार मग? नाकात? बांध ते केस. आणि माझ्याकडे असं बघू नकोस, कान तुझ्या बाबांच्या घराण्याचे आहेत.” आईनं स्वतःचे केस नेहमीसारखे कानांवरून मागे नेऊन चाप लावला.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओतल्या फोटोवाल्या काकांनी फोटो काढला. “हसू नकोस. अर्जाचा आहे, लग्नाचा नाही.” घरी येऊन मी तो अर्जाला जोडला. साडेतीनला पुन्हा उत्तर: ‘फोटोत फेरफार आढळला.’

फेरफार? मी फोटो मोठा करून पाहिला. चेहरा माझा, कान भलत्याच कुणाचे तरी. इवलेसे, गोड.

मी आणि आई धावत स्टुडिओत. धावताना माझं केसांचं रबर तुटलं.

“काका, माझे कान कुठायत?”

“जरासे आत घेतले गं.” काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हात सवयीनं जातो. तुझ्या आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकशेऐंशी फोटो होते. प्रत्येकात दोन्ही कान आत घेतलेत मी. मनगट आखडलं होतं माझं!”

मी हळूच आईकडे वळले. तिचे दोन्ही हात केसांवर.

“बाबांचं घराणं काय?”

“चार वीस झालेत,” आई म्हणाली. “घराण्याचं घरी बघू.”

“काका, आता काहीही आत घ्यायचं नाही. आहेत तस्से.”

“अगं, चौकटीत मावणार नाहीत.”

“मग कॅमेरा मागे न्या!”

पण केस बांधायला रबर नव्हतं. आई क्षणभर थांबली. मग तिनं स्वतःचा चाप काढून माझ्या केसांत खोचला. तिचे मोकळे केस डोळ्यांवर आले, तसे तिनं वैतागून कानांमागे सारले. बाप रे! माझे कान म्हणजे तिच्या कानांची छोटी आवृत्ती होती.

फोटो काकांच्याच कॉम्प्युटरवरून पाठवला. पडद्यावरचं चक्र एक मिनिट गोल फिरलं, दुसरं मिनिट फिरलं, आईनं माझा दंड इतका आवळला की बोटं उमटली. चार बावन्नला पडद्यावर आलं: ‘अर्ज स्वीकारला.’

मी अशी किंचाळले की शेजारचा चांभार हातोडी घेऊन धावत आला.

“आता आमच्या दोघींचा एक काढा,” आई म्हणाली. केस अजून कानांमागेच.

काकांनी काढला. फोटो पडद्यावर आला आणि त्यांचा हात नकळत माऊसकडे गेला.

“काका!” आम्ही दोघी एकदम ओरडलो.