छापील वजन

दांडी गावच्या गोदूबाईच्या हाताला काट्याची गरज नव्हती. मासा घोळ असो की रावस, शेपटीला धरून एकदा उचलला की ती सांगेल ते वजन. सरकारने शेर-रतल बाद करून किलो आणले, बाजारात शिक्क्याची नवी मापं आली, तरी गिऱ्हाइकं आधी तिच्या तोंडाकडे बघायची आणि मग काट्याकडे. असा हात घरात असताना तिचा एकुलता एक मुलगा एकनाथ त्रेसष्ट साली छापील कागदावर विश्वासून सायकल घेऊन आला, याला काय म्हणावं?

कागदावर ठळक लिहिलं होतं, 'वजन फक्त १८'. अठरा काय, ते कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, आणि नव्या सायकलीच्या नादात बारीक अक्षरं वाचतो कोण? अठरा रतल, असं एकनाथने ठरवून टाकलं. सगळ्या आळीला सांगून झालं. त्याच्या नव्या नवरीला, वत्सलाला, तर तीनदा सांगून झालं. गोदूबाईने सायकल मागून उचलली, खाली ठेवली आणि म्हणाली, "चालीस रतलाला कमी नाय."

"आये, छापलंय ते खोटं कसं असंल?" एकनाथ हसला. वत्सलाही हसली.

अठरा किलो होते ते. म्हणजे चाळीस रतलच. पण हे त्याच्या डोक्यात शिरायला दोन वर्षं जायची होती.

पासष्टच्या श्रावणात वत्सलाला ताप भरला. पहिले दोन दिवस गोदूबाईने देवाचा अंगारा लावला, काढा पाजला आणि "उद्या उतरंल" म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी वत्सला कोणाला ओळखेना. पावसाने रस्ता खचला होता, एसटी बंद होती. गोदूबाईने सुनेला कॅरियरवर बसवलं आणि आपल्या जुन्या लुगड्याने मुलाच्या पाठीशी घट्ट बांधलं. बोईसरपर्यंत सायकल, तिथून गाडीने पालघरचा दवाखाना, असा बेत होता.

खाडीवरच्या मोरीपाशी, म्हणजे लहान पुलापाशी, थोडा चढ लागतो. तिथे सायकल एकदम जड झाली. एकनाथ उभा राहून पायडल मारत होता, छाती फुटायची वेळ आली होती, आणि त्या वैतागात तो मागे न बघताच बोलला, "किती जड झालीस ग! नीट बस जरा."

उत्तर आलं नाही. बोईसरला लुगड्याची गाठ सोडली तेव्हा कळलं, की मोरीच्या पुढे उत्तर द्यायला कोणी नव्हतंच.

त्यानंतर ती सायकल मोरीवर रोज जड व्हायला लागली. दुसरीकडे कुठे नाही, फक्त मोरीवर. कॅरियरची पट्टी वाकायची, मागचं चाक मातीत दबायचं. एकनाथ तेव्हा तारापूरला वीजघराच्या बांधकामावर लोखंडाच्या यार्डात होता. त्याच्या मुकादमाने, नागोरावांनी, सायकल खोलून पाहिली, छर्रे बदलले, साखळीला तेल घातलं. "सायकल ठणठणीत आहे गड्या," ते म्हणाले. एकनाथ मोरीअलीकडे उतरायचा आणि दोन्ही हातांनी सायकल ढकलत न्यायचा. घामाने न्हायचा. ढकलताना त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळायचा, की सायकल खरंच अठरा रतल असती तर मी वेळेत पोहोचलो असतो.

सदुसष्ट साली मच्छीमारांच्या सोसायटीने त्याला फिरतीचं काम देऊ केलं. नायलॉनच्या दोऱ्याची रिळं कॅरियरवर लादून सफाळ्यापासून डहाणूपर्यंत गावोगाव जायचं. दिवसाला तीस-तीस मैल. काम मनासारखं होतं, पण दांडीतून बाहेर पडायची वाट त्या मोरीवरूनच जात होती. रोज तिथे अर्धा तास झुंजायचं आणि मग तीस मैल मारायचे, हे माणसाला झेपणारं नव्हतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारी तो गोदूबाईला म्हणाला, "आये, पालगरला मासली विकून झाली का माझ्यासंगं दुकानात चल. औंदा कागद नाय वाचायचा. तू उचलून बग."

गोदूबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. दोन वर्षांत तो पहिल्यांदा काहीतरी मागत होता.

पालघरच्या चंद्रभानच्या दुकानात सायकलीच्या सुट्या फ्रेमा खुंट्यांना टांगलेल्या होत्या. चंद्रभान नगरकडचा, जिभेने गोड माणूस. त्याने कॅटलॉग उघडलं. "ही बघा मावशी, लांब पल्ल्याची. अस्सल पोलाद. फ्रेमचं वजन अवघं साडेपाच रतल, इथं छापलंय."

गोदूबाईने रिकामी टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि फ्रेम एका हाताने उचलली.

"चार शेर."

"अहो मावशी, चार शेर म्हणजे आठ रतलांवर गेलं!"

"मी काय केलं त्याला? तिनंच खाल्लंय."

शेजारी किराणा दुकान होतं. चंद्रभानने हट्टाने फ्रेम तिथल्या तराजूत घातली. तीन किलो सातशे. हिशेब केला तर आठ रतल आणि वर थोडं. किराणावाला पोट धरून हसला. चंद्रभानने कान खाजवला आणि शेवटी खरं ते ओकला. कंपन्या छापतात ते सगळ्यात बुटक्या फ्रेमचं वजन, तेही नुसत्या नळ्यांचं. पुढच्या चाकाचा चिमटा धरत नाहीत, रंग धरत नाहीत, छर्ऱ्यांच्या वाट्या धरत नाहीत.

"मग छापतात कशाला?" एकनाथने विचारलं. त्याचा आवाज चढला होता. चंद्रभानला कळेना, एवढ्याशा गोष्टीवर या माणसाचे डोळे का भरले.

गोदूबाईने एकेक फ्रेम उचलून पाहिली. सगळ्यात हलकी होती ती तिने परत टांगली. "ही पातल हाय. मागं लादलं का डुलंल." तिने दुसरी निवडली. कागदावर ती सात रतल होती, तिच्या हाताला सव्वाचार शेर. "हिचं खोटं कमी हाय," ती म्हणाली. चाकं, सीट, कॅरियर चढवून दुपारपर्यंत सायकल उभी राहिली. गोदूबाईने ती मागून उचलली, पुढून उचलली आणि मग सांगितलं, "पंधरा शेर. लक्षात ठेव."

बोईसरपर्यंत दोघं गाडीने आली. तिथून एकनाथ सायकलने निघाला. गोदूबाई त्या कॅरियरवर बसणार नव्हती, कोणीच बसणार नव्हतं. "मी एसटीनं म्होरं जाते, मोरीवर उतरून थांबते," ती म्हणाली.

सायकल खरोखर सुरेख चालत होती. खड्ड्यात उतरून अलगद वर यायची. एकनाथने कितीतरी दिवसांनी शीळ घातली. खाडीचा वास आला तशी ती बंद पडली. लांबून आई दिसली, मोरीच्या कठड्यापाशी, पायाशी टोपली. त्याने जोर धरला. चढाला लागला आणि मागचं चाक दबलं.

कॅरियर कुरकुरलं. नव्या कोऱ्या पट्टीने कुरकुरायचं काही कारण नव्हतं. एकनाथने दोन्ही पाय खाली टेकले. मान वळवायची हिंमत त्याला झाली नाही. "आये," तो म्हणाला, "सायकलीचं काय नाय ग. तीच हाय. मी तिला जड म्हनलो ना, म्हनून उतरत नाय ती."

गोदूबाई त्याच्या मागे आली. तिने कॅरियरला हात घातल्याचं त्याला कळलं. तिला वजन सांगायला कधी वेळ लागत नसे. चांगला घोळ असला तरी श्वास घेऊन सोडेपर्यंत. आज ती कितीतरी वेळ गप्प होती. खाडीत ओहोटी होती, पाणी चिखलातून उतरत होतं, तेवढाच आवाज.

"पंधरा शेर," ती म्हणाली.

"खरं?"

"माझ्या हाताला इचारतोस? पंधराच. जा म्होरं. मागं बगू नको."

मग लुगड्याचा फडका पिळल्याचा आवाज आला. डोक्यावर भार घ्यायच्या आधी बायका चुंबळ वळतात, तसा. आणि आईचा हळू आवाज, त्याच्याशी नव्हे: "चल ग बाय. लय झालं."

एकनाथने पायडल मारलं. सायकल सुटली. मोरी मागे पडली, चढ मागे पडला, काहीही अडलं नाही. आनंदाने हसावं की रडावं त्याला कळेना. पुढच्या वळणावर त्याच्याने राहवलं नाही, त्याने मागे पाहिलं. रस्त्यावर फक्त आई होती. रिकामी टोपली डोक्यावर, एक हात वर टोपलीला, मान ताठ, आणि भरल्या पाटीखाली टाकतात तशी तुरुतुरु आखूड पावलं. थकली असेल, त्याने स्वतःला समजावलं. टोपलीत तर मासळीचं खवलंही उरलं नव्हतं.

घरी येऊन तो ओट्यावर बसून राहिला. अर्ध्या तासाची वाट चालायला गोदूबाईला दोन तास लागले. ती दारात आली तेव्हा तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. उंबऱ्याशी ती थांबली आणि म्हणाली, "हात लाव."

रिकामी टोपली बाई एका हाताने उतरवून फेकते. हात लाव म्हणायचं ते भरल्या पाटीला, एकटीने उतरत नाही तेव्हाच.

"आये, तू तर पंधरा शेर म्हनलीस."

"म्हनले." आयुष्यात पहिल्यांदा खोटं वजन सांगितलेली ती बाई त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. "दोन दिस अंगारा लावत मी ठेवली तिला घरात. तू नाय. हे वजन माझं हाय, मीच आनलं. आता हात लाव, मान मोडली माझी."

तो उठला. टोपलीच्या काठाला त्याने दोन्ही हात लावले आणि भार त्याच्या मनगटात, दंडात, पाठीत उतरला. एकनाथला जन्मात कधी कशाचं वजन ओळखता आलं नव्हतं. हे ओळखता आलं. दोघांनी मिळून टोपली वाकून, सावकाश, वत्सलाची चटई असायची तिथे टेकवली. एकनाथला श्वास पुरत नव्हता.

"हलकीच हायस ग," तो म्हणाला. "एकदम हलकी."