डाव्या बुटाचं टोक

कारखान्यात तिला सगळे मिरची म्हणायचे, तोंडच तसं होतं. शाळेवर पाणी सोडलं तेही रागाच्या एका तडाख्यात. आता काम एकच, कोरे कॅनव्हासचे बूट जुने करायचे. चहाच्या पाण्यात बुडवायचे, सुकले की पॉलिश पेपरनं कडा घासायच्या, तळवा ग्राइंडरला लावायचा. असले आयते जुने बूट विकत घेणाऱ्यांना शिव्या घालत ती दिवसाला चाळीस जोड म्हातारे करायची. झिजलेला तळवा दिसला की माणूस कसा चालतो ते एका नजरेत ओळखायची.

म्हणून बाबाच्या डाव्या बुटाचं टोक झिजलेलं तिला सगळ्यांच्या आधी दिसलं. बाबा रंगारी. दहाव्या मजल्याशी बांधलेल्या परांचीवर उभा राहून भिंती रंगवायचा.

"पाय ओढतोयस तू."

"तुझं आपलं काहीतरीच!"

मग परांचीवरून एक जण पडून मेला. तेव्हापासून मुकादम रोज सकाळी एकेकाचा बूट उलटा करून बघायला लागला. टोक झिजलंय म्हणजे पाय ओढतो, आणि पाय ओढणारा सरळ घरी. कोरा बूट दिसला तर संशय आणखीच.

रविवारी बाबानं नवा जोड तिच्यापुढे ठेवला.

"दोन वर्षं वापरल्यासारखे कर. सरळ चालणाऱ्या माणसाचे."

"आणि पडलास म्हणजे?"

"तीस वर्षांत पडलो का?"

"पडायला एकदाच लागतं!"

"ओरडू नकोस. दुसरं काय येतं गं मला? सांग ना."

चिडचिड करत ती कामाला बसली. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळवे सारखे झिजले. बाबानं त्यावरून बोट फिरवलं.

"वा! हे तर माझ्यापेक्षा बरे चालतात की." हसत उठला, आणि उठताना भिंत धरली.

सकाळी तो तोंड धुवायला गेला. मोरीपर्यंत त्याचं डावं पाऊल फरशीवर घासत गेलं, खर्र, खर्र. मिरचीनं डावा बूट उचलला आणि टोकाला पॉलिश पेपरचे जोरात हात मारले, जरा तिरके, तो पाय ओढतो तसेच. वर माती चोळली. नाड्याही तिनंच बांधल्या.

"आज एवढी माया?"

"गप बस."

ती कामावर गेलीच नाही. दहाच्या आत बाबा परत आला.

"मुकादमानं सगळ्यांसमोर चालून दाखवायला लावलं मला. कालची पोरं बघत होती."

त्यानं डावा बूट काढून उलटा केला.

"हात चांगला आहे हं तुझा. बूट नवे आहेत हे त्यालाही कळलं नाही."

"मार ना," ती ओरडली. "एक ठेवून दे थोबाडीत!"

त्यानं हातही उचलला नाही. खिडकीपाशी जाऊन बसला. जाताना पाय चांगला ओढला, आता लपवायचा कुणापासून?