पाताळात नेलेलं बिऱ्हाड

पौषाच्या अमावास्येला आठ ग्रह मकर राशीत गोळा होणार आणि पृथ्वीचा निकाल लागणार, ही बातमी एकोणीसशे बासष्ट साल उजाडायच्या आधीच वणीत येऊन बसली होती. कुणी भूकंप सांगायचं, कुणी आकाशातून आग. देवळांपुढे होमाची लाकडं रचली जात होती. जिनिंगमधल्या मजूर बाया हंगाम अर्ध्यावर टाकून गावाकडे निघाल्या होत्या. मरायचंच तर आपल्या माणसांत मरू, असं त्यांचं म्हणणं.

मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या कौसल्या ताकसांडेला मात्र घाबरायची सोय नव्हती. वडिलांबरोबर नागपूरला जाऊन तिनं दीक्षा घेतली, त्याला सहावं वर्ष लागलं होतं. "ग्रह, राशी, साडेसाती, सगळं आपण तिथंच सोडून आलो," असं तिचे वडील भीमराज येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तीही वर्गात मुलींना फळ्यावर ग्रहांच्या कक्षा काढून दाखवायची, काही होत नाही म्हणायची. पण दिवेलागणीला पश्चिमेकडे नजर गेली की तिच्या तोंडाला कोरड पडायची. ते सांगणार कुणाला? वडिलांना सांगितलं तर ते हसणार नाहीत, गप्प होतील. आणि ते गप्प झालेले तिला सोसत नसे.

तिला एकच व्यसन होतं. विज्ञानाच्या कादंबऱ्या. परग्रह, यंत्रमानव, समुद्राखालची शहरं, जे मिळेल ते. या व्यसनाचे आणखी दोघे वणीत तिला सापडले होते. एक जहीर, ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री. तो उर्दू कादंबऱ्या वाचायचा आणि दर रविवारी आपल्या टिनाच्या शेडखाली बसून त्या मराठीत सांगायचा. दुसरा उकंडा, जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावरचा कारकून. तिघांची वादावादी रंगली की चहा गार व्हायचा. जहीरच्या मते 'शीशे का आदमी'च्या तोडीचं जगात काही नव्हतं. कौसल्या 'शुक्रावरचा शेजारी' सोडून बोलायची नाही. उकंडाची आवड निराळी. त्याला अंगावर काटा आणणारंच हवं असे.

"बाई, येक जबरदस्त देजा," जानेवारीत तो म्हणाला. "वाचताना मागं वळून पाहावं लागलं पाह्यजे, असं."

आणि कौसल्यानं त्याला 'पाताळातले बिऱ्हाड' दिलं.

ती कादंबरी तिनं नुकतीच वाचली होती आणि आठवडाभर तिला धड जेवण गेलं नव्हतं. एक धूमकेतू पृथ्वीच्या अंगावर येतो. एक माणूस बायकोला घेऊन सोडून दिलेल्या खाणीत उतरतो आणि वाट फळ्यांनी बंद करतो. वर सगळं जळून जातं. मग वरून ओळखीचे आवाज हाका मारू लागतात. शेजारी, मित्र, सख्खा भाऊ. ते आवाज खोटे असतात. जो फळी काढतो त्याची राख होते.

"वाचाच," असं ती त्याला म्हणाली होती. "याच्याइतकं भयंकर मी काही वाचलेलं नाही."

अमावास्या रविवारी आली. त्या रविवारी उकंडा शेडकडे फिरकला नाही. पाऊस असो की ताप, तो चुकायचा नाही. जहीर म्हणाला, "होमाले गेला असंन." पण कौसल्याला ते पटलं नाही. ती सरळ त्याच्या घरी गेली.

उकंडाची म्हातारी आई चंदाबाई ओट्यावर एकटीच बसली होती. दार सताड उघडं. आत चुलीपाशी भांडं नाही, दोरीवर वाकळ नाही.

"गेला," चंदाबाई म्हणाली. "पीठ घेतलं, घासलेट घेतलं, सायकलीवर फळ्या बांधल्या, अन् बायकोले घेऊन गेला काल दुपारीच. त्या जुन्या कोळशाच्या खाणीत. मले म्हने, चल. मी म्हनलं, मराचं तं उन्हात मरीन बाप्पा, त्या बिळात मी नाई शिरत."

"इंदूबाईंना घेऊन? सातवा महिना आहे त्यांना!"

"मले काहून सांगता? तुम्हीच तं देलं थे पुस्तक. दिवसभर थेच वाचे अन् थेच बडबडे."

परत येताना आपण धावतोय हे कौसल्याला शेडपाशी पोचल्यावर कळलं. जहीरनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातला पाना खाली ठेवला. मिस्त्री व्हायच्या आधी तो वर्षभर कोळशाच्या खाणीत पंपावर कामाला होता.

"जुनी खाण म्हंजे धोका आहे, बाई. तिथली हवा मेलेली असते. वास नाही, धूर नाही. मानसाले झोप येते, अन् मंग उठत नाही." एवढं बोलून त्यानं दुरुस्तीला आलेला एक ट्रक चालू केला. रस्त्याकडेच्या देवळातून एका सुरात मंत्र ऐकू येत होते, आणि स्वच्छ निळ्या आकाशाकडे बघायचं कौसल्या टाळत होती.

खाण गोऱ्या साहेबाच्या काळात सोडून दिलेली. बाभळीच्या झुडपांमागे उताराचं भुयार, तोंडाशी उकंडाची सायकल आडवी पडलेली. जहीरनं कंदील पेटवला.

"ज्योत बारीक झाली की समजायचं. विझली तं मागं फिरायचं, मंग आत कोनी असो."

"कुणी असो म्हणजे?"

"म्हंजे कोनी असो," तो म्हणाला आणि वाकून आत शिरला.

बाहेरचा उजेड आधी पाठीवर होता, मग एका वळणानंतर तो गेला. छतातून पाणी ठिबकत होतं. पायाखाली भुसभुशीत कोळसा सरकायचा आणि खाली कुठेतरी घरंगळत जायचा, आणि तो थांबल्याचा आवाजच येत नसे. कौसल्याच्या डोक्यात कादंबरीतली पानं आपोआप उलटत होती. तिथंही असंच पाणी ठिबकतं. तिथंही असाच उतार आहे. आपण खाणीत चाललो आहोत की पुस्तकात, हे क्षणभर तिला कळेना. वडिलांचा चेहरा आठवून पाहिला, तोही आठवेना.

जहीर थांबला. ज्योत निम्म्यावर आली होती. पुढे भुयार फळ्यांनी बंद केलेलं, फटींत गोधड्या कोंबलेल्या.

"उकंडाभाऊ!" कौसल्यानं हाक मारली. तिचाच आवाज दगडावर आपटून भलत्याच बाईचा होऊन परत आला.

मग आतून, अगदी जवळून, कुजबुज. "आले. इंदू, आले पाह्य थे आवाज."

"उकंडा, मी जहीर. वर काई झालं नाही रे. ऊन पडून आहे. चल बाहीर."

"हो, तुम्ही असंच म्हनान," उकंडा म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती, दारू प्यायल्यासारखी. "मले माहीत आहे तुम्ही कोन. जहीरभाई जळून गेले. बाईबी जळून गेल्या."

जिवंतपणी आपल्या मरणाची खबर ऐकावी तशी कौसल्या उभी राहिली. काहीही बोललं तरी ते पुस्तकातल्या खोट्या आवाजासारखंच होणार होतं. जितकी ओळख पटवावी तितका तो घट्ट होणार होता. जहीर फळीला खांदा लावून रेटू लागला. आतून उकंडानंही पाठ लावली असावी, कारण फळी हलेना. ज्योत आता बोटाच्या पेराएवढी राहिली होती. कौसल्याच्या कपाळात ठोके पडायला लागले.

"भाऊ, ऐका," ती म्हणाली. "मला त्या ग्रहांची भीती वाटत होती. मला! घरी सांगता येईना. पुस्तक वाचलं तर ती आणखी वाढली. मी एकटी घाबरून राहिले होते, म्हणून तुम्हाला दिलं. कुणीतरी सोबतीला घाबरावं म्हणून. बाकी काही नाही. त्यात खरं काही नाही."

मग उकंडा रडल्यासारखा म्हणाला, "पुस्तकातला भाऊबी असंच गोड बोलते."

जहीरनं तिचा दंड धरला. "बाई, कंदील चालला. निघा आता."

ती हलली नाही. एकदम तिच्या लक्षात आलं, की फळीपलीकडे दुसरंही कुणी आहे आणि त्या माणसानं हे पुस्तक कधी वाचलेलंच नाही.

"इंदूबाई! मी शाळेतली कौसल्या. मागच्या बाजारात तुम्ही मला बोरं दिली होती. तुमचं डोकं दुखतंय का?"

"लय दुखून राह्यलं, बाई," एक पातळ आवाज आला. "अन् झोप येऊन राह्यली. हे म्हनतात झोप."

"झोपू नका! तिथली हवा खराब आहे. तुमच्या लेकराला पुरत नाही ती. तुम्ही दोघं उद्या सकाळपर्यंत राहणार नाही, आणि ते ग्रहांमुळं नाही. ऐकू येतंय ना? फळी तुमच्या हातानं ओढा."

आत झटापट झाली. उकंडा ओरडला, "इंदू, राख व्हशीन!" आणि तेवढ्याच मोठ्यानं इंदूबाई ओरडली, "व्हऊ दे! लेकरू तं वाचंन!" पत्र्याचं काहीतरी आपटल्याचा आवाज आला. एक फळी आडवी झाली. जहीरनं त्या फटीत दोन्ही हात घालून उरलेल्या ओढून काढल्या, आणि त्याच वेळी कंदील विझला.

पुढचं सारं अंधारात झालं. कौसल्याच्या हाताला इंदूबाईचा दंड लागला, मग वेणी, मग काखेत हात घालून तिनं ओढायला सुरुवात केली. इंदूबाईचे पाय चालेनासे झाले होते. मागे जहीर उकंडाला फरफटत आणत होता आणि धापांमधून त्याला शिव्या देत होता. त्या शिव्या ऐकू येत होत्या म्हणून तो जिवंत आहे हे कळत होतं. वळणाशी शिव्या थांबल्या. कौसल्या थांबली. "जहीरभाई!" उत्तर नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग खोकला, आणि मग चिडलेला आवाज, "चला नं बाई, कायले थांबता!"

बाहेर चारचं ऊन होतं. उकंडानं ते पाहिलं आणि धोतराचा सोगा तोंडावर घेऊन जमिनीला घट्ट चिकटून पडला. आता आपली राख होणार म्हणून तो वाट पाहत होता. बराच वेळ झाली नाही, तेव्हा त्यानं एक डोळा उघडला. इंदूबाई झुडपापाशी ओकत होती. ओकून झाल्यावर तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले, चाचपून पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "हे हालत नाई."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते, गावी गेले होते. ग्रहांना भिऊनच, असं लोक म्हणत. पंचफुला नावाची सुईण होती. तिनं इंदूबाईच्या पोटाला लाकडी नळी लावली, कान टेकवला आणि डोळे मिटले. मग नळी सरकवली, पुन्हा ऐकलं.

"ठोका आहे," ती शेवटी म्हणाली. "पन लय दूर आहे. उद्यापर्यंत हाललं तं जितलो."

त्या रात्री आणि सोमवारी दिवसभर कौसल्या खाटेपाशी बसून राहिली. सोमवारी संध्याकाळी ग्रहांचा योग सुटणार होता. रस्त्यावर शंख वाजत होते, माणसं घराबाहेर अंगणात बसून राहिली होती, भीमराज दोनदा डबा घेऊन आले आणि न बोलता बसले. त्या दोन दिवसांत कौसल्याला आकाशाची आठवणही झाली नाही. जग बुडणार की नाही याच्याशी तिला घेणंदेणं उरलं नव्हतं. तिची सगळी भीती एका पोटात येऊन बसली होती, आणि त्यावर ठेवलेला तिचा तळहात घामानं ओला होत होता. उकंडा दाराबाहेर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

सोमवारी दुपारी पंचफुलानं इंदूबाईला कोमट गुळाचं पाणी पाजलं. थोड्या वेळानं तळहाताखाली काहीतरी सरकलं. भास असेल. मग सणसणीत लाथ बसली.

"अवो माय," इंदूबाई म्हणाली, आणि रडायला लागली. कौसल्या बाहेर गेली आणि उकंडाला सांगू लागली, पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तिनं नुसती मान हलवली. त्यानं तिचा अर्थ उलटा लावला आणि हंबरडा फोडला. शेवटी पंचफुलानंच बाहेर येऊन त्याला दटावलं, "लेकरू नाचून राह्यलं, अन् तू काहून बोंबलतं रे?"

एप्रिलात मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज मोठा. उकंडा पावसाळाभर शेडकडे आला नाही. जहीर त्याला निरोप धाडत राहिला. कौसल्याही आता कुणाला पुस्तक सांगेना. जहीरनं विचारलं तरी ती चहाच्या कपाकडे बघायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी इंदूबाई पोरीला कडेवर घेऊन शेडपाशी येऊन उभी राहिली. मागे चोरासारखा उकंडा.

"यायले पुस्तकाबिगर करमत नाई," ती म्हणाली. "घरात भुतावानी फिरतात. द्या एखांदं. पन येक अट आहे माही. आधी मले वाचून दाखवाचं. मले ठीक वाटलं, तं मंग यायच्या हाती जाईन."

जहीर हसत सुटला. कौसल्याला हसू आलं नाही. पिशवीतून तिनं 'शुक्रावरचा शेजारी' काढलं. ते तिला पाठ होतं, त्यात कुणी मरत नाही, हे ती जाणून होती. तरी तिनं आधी शेवटचं पान पुन्हा एकदा पाहून घेतलं, मग पहिलं उघडलं. इंदूबाई बाकावर बसली, पोरीला पदराखाली घेतलं.

"वाचा," ती म्हणाली. "अन् हळू वाचा. मी थांब म्हनलं, की थांबाचं."