वाईट बघायला पाठवलेला माणूस

दस्तगीर आणि मी उद्यमनगरात एकाच लेथवर काम शिकलो. पुढं शेजारी शेजारी कारखाने टाकले आणि दोघंही गुऱ्हाळासाठी उसाचे चरक करायला लागलो. गिऱ्हाईक आधी त्याच्या दारात उतरायचं, तिथं गर्दी असली तरच माझ्याकडं वळायचं. रस माझाही चरक तेवढाच काढायचा. मग माझ्या पोटात दुखायचं ते काय उगीच?

चौऱ्याहत्तर साली तर कहरच झाला. पूर्व आफ्रिकेतल्या एका गुजराती व्यापाऱ्यानं त्याला विचारलं, इकडं ऊस आहे, लोक गूळ करतात, निम्म्या भागीत चरकाचा कारखाना काढू. दस्तगीर परदेशात कारखानदार होणार, या विचारानं मला घास गिळवेना. आणि तो शहाणा सल्ल्याला माझ्याच दारात आला.

"धोंडीराम, घरदार गहाण टाकून पैसा उभा करायचा हाय. आधी तिकडचं वारं बघून ये. तिकीट माझं."

मी एका पायावर तयार झालो. हा बेत मोडंल असं काहीतरी शोधून आणायचंच, हे मनाशी पक्कं केलं होतं.

तिकडं पोचल्यावर व्यापाऱ्यानं मला मोटारीतून हिरवागार ऊस दाखवला आणि माझं तोंड कडू झालं. मग त्याला चुकवून मी एकटाच हिंडलो. दुकानदारांशी मोडक्या हिंदीत बोललो, गूळ करणाऱ्यांच्या चुलीपाशी जाऊन बसलो. इतकं लक्ष मी स्वतःच्या कारखान्यातही कधी घातलं नव्हतं.

परत आल्यावर दस्तगीरपुढं सगळं ओतलं. बाहेरच्या माणसाला दरसाल नवा परवाना मागावा लागतो, आज देतील, उद्या हाकलतील. नफा देशाबाहेर न्यायला सरकारची मंजुरी लागते. सरकार स्वतःच साखर कारखाना बांधतंय, आसपासचा ऊस तिकडंच जाणार.

"आणि?" तो म्हणाला.

"डोंगराकडं ऊस हाय, पर रस्ताच न्हाय. ट्रक जात न्हाय."

"मग साखर कारखान्याचा तरी ट्रक कसा जाईल?" तो हसला. "तितलं लोक गूळच करणार की. आपण बैलाचं लहान चरक इथंच करायचं आणि धाडायचं. पैसं आधी, माल मागनं. परवान्याचं तो व्यापारी बघंल."

बेत मोडायला आणलेल्या बातमीवरच त्यानं नवा बेत बांधला. शेवटी विचारलंच, "मलाच का धाडलंस?"

"दुसरा कुणीबी चांगलंच बघून आला असता," तो शांतपणे म्हणाला. "माझं वाईट शोधायला तुझ्याएवढं जीव तोडून कोण फिरलं असतं?"

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. माझा हेवा बिनपगारी त्याच्याच कारखान्यात राबत होता.

चरकांच्या पहिल्या पेट्या ट्रकमध्ये चढल्या, तेव्हा नारळ त्यानं माझ्याच हातात दिला. मी दणकून फोडला आणि नासका निघाला का म्हणून आत डोकावलो. खोबरं पांढरंशुभ्र होतं. सगळ्यांना वाटून दिलेलं ते खोबरं फक्त मलाच गोड लागेना.